दर्शनी भाग जुळला!

गेल्या वर्षी एका संस्थेच्या संकेतस्थळावरचा मराठी मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष मुख्यतः माझाच आहे. 'फिग्मा'वर काढलेला आराखडा एका बाजूला आणि प्रत्यक्ष सुरू झालेले पान दुसऱ्या बाजूला ठेवून मी तासभर ताडून पाहिले. रंग तेच, चित्रे तीच, चौकटी जागच्या जागी. "जुळते," असा शेरा देऊन मी मोकळा झालो.

आठ दिवसांनी आहुप्याकडची माझी मामेबहीण वसतिगृहाच्या अर्जासाठी घोडेगावला आली. "दादा, शेवटची तारीख कुठं दिलीय?" तिने मोबाईल पुढे केला. 'वसतिगृह प्रवेश अर्जाची अंतिम' एवढ्यावरच ओळ तुटली होती. 'मुदत' आणि तारीख चौकटीबाहेर! ती तारीख आदल्याच दिवशी उलटली होती.

आराखडा १४४० बिंदू रुंदीचा, तिच्या मोबाईलचा पडदा ३६० बिंदूंचा. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणीने बदलावे, हा विचार ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने २०१० सालीच मांडला होता. मी मात्र मोठ्या पडद्याशी मोठा पडदा ताडत बसलो. शिवाय आराखड्यात जागा भरायला घेतला होता तो लॅटिन मजकूर; सिसेरोच्या ग्रंथातले उतारे मोडूनतोडून केलेला. त्याला ना वेलांटी, ना रफार, ना उकार. त्याला पुरणाऱ्या अंतरात आपल्या 'र्की'चे डोके आणि 'द्धू'चे पाय चेपतात. इंग्रजीत एका शब्दात आटोपणाऱ्या बटनावर आपल्याला 'ऑनलाइन अर्ज भरा' लिहावे लागते.

म्हणून 'प्रत्यक्ष पान आराखड्याशी केसभरही वेगळे नको' हा जो आग्रह धरला जातो, तो मला पटत नाही. पान आराखड्याबरहुकूम करणाऱ्याने आपले काम चोख केले होते. आराखड्यालाच आमची भाषा आणि आमचा मोबाईल ठाऊक नव्हता. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यात नाक का खुपसावे, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. पण शब्द चौकटीत मावतो की नाही, हे शब्दवाल्यांनी नाही बघायचे तर कोणी?

जुन्नरजवळच्या मानमोडीच्या डोंगरात भूतलेणी आहेत. तिथल्या चैत्याच्या कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे. यवन चंद्राच्या दानाचा ब्राह्मी लेखही दर्शनी भागावर आहे. पाहणारा थक्क होतो. आत मात्र काम अर्धवट राहिलेले. लेणे दर्शनी भागाकडून आत कोरत न्यायचे, आणि दगड एकदा छिन्नीखाली गेला की परत बसवता येत नाही. त्या कारागिरांची तरी अडचण खरी होती. संकेतस्थळाची ओळ दहा मिनिटांत दुरुस्त होते. फक्त कोणीतरी आत जाऊन पाहायला हवे होते. मी बाहेरूनच गजलक्ष्मी बघून परतलो.

मामेबहिणीचा अर्ज पुढे दोन खेपा घालून, विनवण्या करून एकदाचा घेतला गेला. तेवढ्यात खोलीची पहिली यादी लागून गेली होती, आणि पावसाळ्याचे दोन महिने तिने एस.टी.ने ये-जा केली.

यंदा ते पान पुन्हा तपासायला आले, तेव्हा मी संगणक उघडलाच नाही. तिचा मोबाईल मागितला. तिने दिला, पण आधी बजावले, "हॉटस्पॉट मात्र तुझा लाव."