समाधानाचा उपदेश कोणासाठी?

आदर्श वस्तीच्या शोधात आयुष्य दवडू नये, जेथे आहोत तेथेच सुख मानावे, हा उपदेश सुस्थित वर्गात अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. उपदेशकांची स्वतःची घरे बहुधा दादर-पार्ल्यात असतात, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. पण हाच उपदेश वसईच्या खाडीपलीकडे नायगावात नेऊन पाहावा, म्हणजे त्याचा पोकळपणा ध्यानात येईल.

नायगावे दोन आहेत. एक दादरजवळचे, बी.डी.डी. चाळींचे; दुसरे भाईंदर आणि वसई रोड या स्थानकांमधले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणगावच उद्ध्वस्त झाले. तेथील कितीतरी कुटुंबे खाडी ओलांडून वसई-विरारकडे आली. ती आदर्श स्थळ शोधीत आली नव्हती. परवडणारी खोली शोधीत आली होती. ज्यांना शहराने बाहेर लोटले, त्यांच्या स्थलांतराला ‘असमाधानी वृत्ती’ म्हणणे ही शुद्ध क्रूरता होय.

दुसऱ्या बाजूस बिल्डर आहे. तो ‘स्वप्नातील घर’ विकतो. पण त्या घराला पाणी कोठून येणार, हा प्रश्न जाहिरातीत नसतो. गंमत अशी की, घर विकले जाईपर्यंत माणसाने असमाधानी असावे आणि विकले गेल्यावर समाधानी व्हावे, एवढीच बिल्डरची अपेक्षा असते. उपदेशक त्याचे उरलेले काम फुकट करतो!

आपल्या गावावर खरे प्रेम कोणी केले? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने बागायती, विहिरी आणि मोकळ्या जमिनी यांसाठी लढा दिला. या माणसांना आपली वसई प्रिय होती. म्हणूनच ती स्वस्थ बसली नाहीत. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका लादण्यात आली, तेव्हाही गावे वगळण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले.

त्यांचा इशारा किती रास्त होता, हे जुलै २०१८ मध्ये दिसले. पाणी जिरण्याच्या जागा भरावाने बुजल्या होत्या. वसई-विरार जलमय झाले, रेल्वे ठप्प झाली. त्या पाण्याने मूळचा कोळी-आगरी आणि नवा भाडेकरू असा भेद केला नाही. आपण मात्र तो अजून करतो. जुना रहिवासी नव्याला उपरा म्हणतो. आणि नव्याला वाटते, दोन-चार वर्षांत येथून निघावयाचेच आहे, मग गटाराची चौकशी कशाला? अशा वाटसरूंच्या वस्तीत जाब विचारणारे कोणी उरत नाही. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाहाती राहिला, तो उगीच नव्हे.

आता सूर्या योजनेचे पाणी आले आहे. या योजनेत वसई-विरारचा वाटा दिवसाला १८.५ कोटी लिटरचा. परंतु सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी होता आणि तेथील आदिवासी शेतकरी या पाण्यावर आपला हक्क सांगत आले आहेत. त्यांनाही ‘आहे त्यात समाधान माना’ असेच सांगावयाचे काय? नायगावकराने नळ सोडताना हा हिशेब सरकारकडे मागितला पाहिजे, आणि तो डहाणूच्या शेतकऱ्याला सोबत घेऊन मागितला पाहिजे.