मित्राच्या गावी जाताना

मुलांनो, घरच्या मंडळींबरोबर मोटारीने दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावी मित्राकडे जाल, तेव्हा पाहुण्यासारखे वागा. वासिष्ठी खाडीपलीकडील धोपाव्याला फेरीबोटीतून मोटारही नेता येते; पण नुसती धावपळ करून गाव कळत नाही. जून-जुलैत माशांच्या विणीसाठी यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. अशा वेळी मच्छीमाराच्या घरी ताज्या माशांचा हट्ट धरू नये. यजमान नाही म्हणणार नाही. उसने पैसे काढून मासे आणील! मे महिन्यात कोकणातील अनेक विहिरींचे पाणी खाली जाते. म्हणून अंघोळीला एक बादली पुरे समजा. तेथील अनेक मुसलमान कुटुंबेही घरात कोकणी वळणाची बोली बोलतात. तुमची मराठी मोडकी असली तरी बोला. त्यामुळे घरातील आजीसुद्धा तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल.