जोगेश्वरीच्या विहिरीतला आंधळा मासा आणि मुंबईच्या टँकरचं पाणी, यांचा संबंध काय?

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत टँकरवाल्यांनी संप केला आणि उपनगरातल्या कितीतरी सोसायट्यांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, आपल्याकडे येणारं टँकरचं पाणी नेमकं येतं कुठून? उत्तर होतं विहिरी आणि बोअरवेल. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, नाहीतर उपसा बंद करा, अशा नोटिसा महापालिकेने विहीरमालकांना दिल्या. १० एप्रिलला टँकर थांबले, महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा काढला, चार-पाच दिवसांत संप मिटला आणि नोटिसांना स्थगिती मिळाली.

या सगळ्या गोंधळात विहिरीचं पाणी म्हणजे लिटर आणि रुपये, एवढीच चर्चा झाली. पण अंधेरी तालुक्यातल्याच एका विहिरीत असं काही सापडलंय, जे या हिशेबात कुठेच बसत नाही.

विहिरीत काय सापडलं?

जोगेश्वरी पश्चिमेला अंधांसाठीच्या एका संस्थेच्या आवारात साधारण ४० फूट खोल विहीर आहे. त्या विहिरीतून २०१९ मध्ये एक मासा मिळाला. लांबट, गुलाबी-लालसर, अंगावर खवले नाहीत, पोहायला पर नाहीत आणि डोळेही नाहीत. अंधांच्या संस्थेत आंधळा मासा, हा निव्वळ योगायोग. कुणी कथेत लिहिला असता तर 'अति झालं' म्हणाले असते लोक.

तेजस ठाकरे, प्रवीणराज जयसिम्हन, अनिल महापात्रा आणि अन्नम पवन कुमार यांनी त्याचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये ही नवी प्रजाती म्हणून जाहीर झाली. नाव 'रक्तामिक्थिस मुंबा'. रक्तासारख्या लाल रंगावरून 'रक्तम्' आणि मुंबादेवीवरून 'मुंबा'. उत्तर पश्चिम घाटाच्या पट्ट्यात पूर्णपणे आंधळा, जमिनीखाली राहणारा गोड्या पाण्यातला मासा मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्या वेळी बातम्या भरपूर आल्या, पण बहुतेक मथळ्यांत माशापेक्षा आडनाव मोठं होतं. उद्धव ठाकरे तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यामुळे ते साहजिकही होतं. मासा मात्र आठवड्याभरात विस्मरणात गेला.

हा वाम आहे का? की साप?

दोन्ही नाही. दिसायला वामसारखा असला तरी हा दलदलीतल्या माशांच्या कुळातला आहे. या कुळातले बरेच मासे चिखलात, बिळात राहतात आणि वेळ पडली तर हवेतून श्वास घेतात. यातल्या काही शाखा जमिनीच्या आणखी खाली, खडकांच्या फटीतल्या पाण्यात गेल्या. तिथे उजेडच नाही, मग डोळ्यांचं काम काय? पिढ्यानपिढ्या डोळे आणि रंगद्रव्य कमी होत गेलं. कातडीतून रक्त दिसतं म्हणून तो लाल.

सोशल मीडियावर अशा माशांना सरसकट 'आदिम' किंवा 'डायनासोरच्या काळातला' म्हणतात. मुंबाच्या बाबतीत ते बरोबर नाही. डोळे नसणं हे जुनाटपणाचं लक्षण नाही, उलट ते नंतर आलेलं रूप आहे. खरोखर जुन्या घराण्यातला मासा बघायचा तर केरळात जावं लागेल. २०१८ च्या पुरानंतर तिथल्या भातशेतीत एक विचित्र मासा वर आला. २०१९ मध्ये त्याला 'एनिग्माचन्ना गोलम' नाव मिळालं. पुढच्या वर्षी संशोधकांनी त्याच्यासाठी वेगळं कुळच तयार केलं, कारण आपल्या मरळ माशाच्या घराण्यापासून त्याची वाट कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती.

असा मासा पकडतात कसा?

गळ टाकून नाही. पवईच्या तलावावर हौशी मासेमार रोहू, कटल्याची वाट बघत बसतात, तसं इथे चालत नाही. हा मासा मुळात विहिरीचा नाहीच. तो विहिरीच्या आजूबाजूच्या खडकातल्या पाण्याचा आहे. विहीर ही त्याच्या जगाला माणसाने पाडलेली खिडकी. जोगेश्वरी-अंधेरीचा खडक ज्वालामुखीतून तयार झालेला. जोगेश्वरीची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. त्याच्या भेगांमध्ये पाणी साठतं आणि हलतं. विहीर उपसली, गाळ काढला, पंप चालला की कधीतरी एखादा मासा वर येतो.

म्हणजे तो सापडणं हे शास्त्रज्ञापेक्षा विहीर साफ करणाऱ्यावर जास्त अवलंबून आहे. केरळातल्या संशोधकांनी हे ओळखलं. त्यांनी काही वर्षं लोकांनाच सामील करून घेतलं. कुणाच्या विहिरीत, कुणाच्या पाण्याच्या टाकीत, तर कुणाच्या नळातून आंधळे मासे आले आणि लोकांनी कळवलं. त्यातून २०२३ मध्ये आंधळ्या मागूरवर्गीय माशाची नवी प्रजाती जाहीर झाली. तिचं नाव 'होराग्लॅनिस पॉप्युली', म्हणजे लोकांचा. पुण्याचे नीलेश डहाणूकर या संशोधनात होते.

मग मुंबईत अडचण कुठे आहे?

उपनगरातल्या जुन्या विहिरींच्या नशिबी साधारण तीनच गोष्टी येतात. पुनर्विकासात विहीर बुजते. बुजली नाही तर टँकरसाठी उपसली जाते. तीही नाही तर मलेरियाच्या भीतीने झाकली जाते, किंवा तिच्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले जातात.

यातली शेवटची गोष्ट चुकीची म्हणता येणार नाही. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी डास विहिरी आणि टाक्यांतच वाढतो. उघडी विहीर तशीच सोडा, मासा वाचेल, असं सांगणं म्हणजे शेजारच्या चाळीतल्या मुलाच्या तापाकडे दुर्लक्ष करणं. पण गप्पी हा दक्षिण अमेरिकेतून आलेला मासा आहे. झाकण आणि जाळी नीट बसवली तर डासही अडतो आणि परका मासा सोडायची गरजही उरत नाही. खर्च थोडा जास्त, देखभाल जास्त. महापालिका आणि सोसायट्या नेमकं तिथेच कंटाळतात.

बुजवण्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे. तळघरातल्या पार्किंगसाठी खोल खोदकाम होतं, दिवसरात्र पंप लावून जमिनीतलं पाणी बाहेर फेकलं जातं. इमारतीच्या परवानगीत झाडं मोजली जातात, कारण झाड दिसतं. खडकातलं पाणी दिसत नाही, त्यातला मासा तर नाहीच.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत अजूनही कितीतरी जुन्या वाड्यांच्या, बंगल्यांच्या विहिरी आहेत. त्या साफ करताना पंपाच्या तोंडाशी साधी बारीक जाळी लावायला, लाल दोऱ्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ब्लीचिंग पावडर टाकण्याआधी फोटो काढायला आणि तो जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला पाठवायला कुठल्याही परवानगीची गरज नाही. कायद्याने टँकरच्या पाण्याचा हिशेब लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत विहीर उपसणारा माणूस ते लाल वळवळणारं काय समजून फेकून देतो, यावर बरंच काही ठरणार आहे.