पलीकडून उत्तर आलं नाही तर?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एक क्लायंट-सर्व्हर प्रोग्रॅम लिहिला. 'लिहिला' हे जर्नलमधलं क्रियापद. प्रत्यक्षात तो मागच्या बॅचच्या पेनड्राइव्हमधून आला होता, मी वरचं नाव आणि रोल नंबर बदलला. एका खिडकीत सर्व्हर सुरू केला, दुसऱ्या खिडकीत क्लायंट. क्लायंटमध्ये इंग्रजीत 'हॅलो' टाइप केलं, सर्व्हरकडून 'हॅलो' परत आलं. स्क्रीनशॉट, प्रिंट, सरांची सही, दहापैकी नऊ. ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "टीसीपी आणि यूडीपीत फरक काय?" मी म्हटलं, "टीसीपी रिलायेबल असतं, यूडीपी नसतं." ते खूश, मी खूश.

आज मला त्या नऊ मार्कांचा राग येतो. कॉपी सगळेच करत होते, त्याचं मला फार वाटत नाही. पण समजा तो प्रोग्रॅम मी स्वतः रात्रभर जागून लिहिला असता, तरी मी चुकीचीच गोष्ट शिकलो असतो. हा सराव आपल्याकडे ज्या पद्धतीने करून घेतात, त्यातून मुलगा एवढंच शिकतो की पलीकडे कुणीतरी कायम बसलेलं असतं, ते कायम ऐकतं आणि कायम उत्तर देतं. असं होत नाही, म्हणून तर नेटवर्क प्रोग्रॅमिंग हा वेगळा विषय आहे.

सुरुवात पत्त्यापासून करू. जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये सर्व्हरचा पत्ता एकच असतो: १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन. या पत्त्यावर पाठवलेला निरोप नेटवर्क कार्डापर्यंतही जात नाही, ऑपरेटिंग सिस्टिम तो आतल्या आत फिरवून परत देते. आपणच पत्र लिहायचं, आपल्याच डाव्या हातातून उजव्या हातात द्यायचं आणि वर शीर्षक घालायचं 'टपाल खात्याचा अभ्यास'.

गंमत अशी की हा 'हॅलो'ला 'हॅलो' म्हणणारा प्रोग्रॅम मुळात याच्या बरोब्बर उलट कामासाठी होता. १९८३ साली जॉन पोस्टेल यांनी एको सेवेचं एक छोटंसं मानक लिहिलं, आरएफसी ८६२. पोर्ट क्रमांक ७ वर जे येईल ते जसंच्या तसं परत पाठवायचं. कशासाठी? नेटवर्कमधला बिघाड शोधायला आणि मोजमाप करायला. वाट नीट आहे की नाही हे तपासण्याचं ते साधन. आपण ते अशा ठिकाणी चालवतो जिथे वाटच नाही.

आणि वाट बिघडणं ही काही अपवादाची गोष्ट नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या मशीनवर 'लॉगिन' हा शब्द पाठवत होता. 'एल' पोचला, 'ओ' पोचला आणि पलीकडचं मशीन कोलमडलं. पूर्ण लॉगिन नंतर झालं. म्हणजे या विषयाचं पहिलं प्रॅक्टिकलच दोन अक्षरांवर अडकलं होतं. आपल्या लॅबमध्ये ते असं अडकलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, "आउटपुट आलं नाही ना, मग शेजारच्याचा स्क्रीनशॉट लाव."

आता 'हॅलो'कडे वळू. इंग्रजी 'हॅलो' म्हणजे पाच बाइट. इतका लहान निरोप लोकलहोस्टवर नेहमी अखंड पोचतो, त्यामुळे मुलाला वाटतं की एकदा 'सेंड' म्हटलं की पलीकडे एकदाच 'रिसीव्ह' होतं. टीसीपीने असं वचन कधीच दिलेलं नाही. टीसीपी बाइटचा प्रवाह देतं. बाइट क्रमाने येतील, पण किती तुकड्यांत येतील ते सांगता येत नाही. निरोप कुठे संपला हे तुम्हालाच ठरवावं लागतं. नळाला पाणी येतं तसं ते येतं, बादली कुठे भरली हे नळाला माहीत नसतं.

हे कळायला एक सोपा उपाय आहे: मराठीत लिहा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'नमस्कार'मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. जर्नलमधला सर्व्हर एका वेळी १०२४ बाइट वाचतो. १०२४ला तीनने पूर्ण भाग जात नाही, ३४१ चिन्हं बसतात आणि एक बाइट उरतो. मोकळी जागा न सोडता साडेतीनशे चिन्हांचा निरोप पाठवा, पुढचं अक्षर मधोमध चिरलं जाईल. पायथनमध्ये आलेला तुकडा तसाच डीकोड करायला गेलात की प्रोग्रॅम तिथेच एरर देऊन झोपतो. एका मराठी ओळीने टीसीपीबद्दल जे कळलं असतं, ते चार वर्षांच्या 'हॅलो'ने कळलं नाही. आमच्या वर्गात साठ मुलं होती, बहुतेक सगळी मराठी बोलणारी, आणि सर्व्हरशी मराठीत बोलून बघावं असं एकालाही वाटलं नाही.

पोर्ट क्रमांकाचंही तेच. जुनी जर्नलं चाळा: पहिल्या प्रयोगात पोर्ट ५०००, पुढे ५००१, मग ५००२. का? सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी एरर येते आणि लॅब असिस्टंट सांगतात, "नंबर बदल, चालेल." चालतं. पण ती एरर म्हणजे एक धडा असतो. ज्या बाजूने जोडणी आधी बंद केली, ती बाजू काही काळ तो पत्ता राखून ठेवते, लिनक्समध्ये साधारण एक मिनिट. जुन्या संभाषणातला एखादा रेंगाळलेला निरोप उशिरा पोचला तर तो नव्या संभाषणात घुसू नये म्हणून. निरोप उशिरा येतात, हे त्या एररमागचं कारण. आम्ही ते शिकण्याऐवजी एक मिळवायला शिकलो.

आणि वायर? दोन मशीनमध्ये जोडणी झाल्यावर मधली वायर काढली तर सर्व्हरला काय कळतं? काहीच नाही. समोरचा गप्प आहे की गेला, हे त्याला सांगता येत नाही. लिनक्समध्ये 'कीप-अलाइव्ह' नावाची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि मूळ सेटिंगमध्ये पहिली चौकशी दोन तासांनी होते. तोवर आमचा 'रिलायेबल' सर्व्हर रिसीव्हच्या ओळीवर वाट बघत बसतो. त्यातून तो एका वेळी एकाच क्लायंटशी बोलणारा असेल, तर मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या क्लायंटलाही उत्तर मिळत नाही.

याची किंमत कोण मोजतं, हा माझा खरा मुद्दा आहे. किराणा दुकानातलं एक दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. आजींनी क्यूआर स्कॅन केला. त्यांच्या फोनवर गोल फिरतंय. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराचा स्पीकर गप्प. "आलं नाही, आजी." "अरे, गेलेत की." दोघंही खरं बोलतायत. आजी दुसऱ्यांदा पैसे देतात किंवा पिशवी ठेवून घरी जातात.

संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचं कोडं म्हणतात. दोन डोंगरांवर दोन फौजा, मधल्या दरीत शत्रू. हल्ला कधी करायचा याचा निरोप जासुदाने न्यायचा, पण जासूद पकडला जाऊ शकतो. पोचल्याची पावती मागितली तर पावतीही हरवू शकते, मग पावतीची पावती. कितीही निरोप पाठवा, दोघांना एकाच वेळी खात्री होणं शक्य नाही, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे नेटवर्कवर कुठल्याही कामाचे तीन निकाल असतात: झालं, झालं नाही आणि माहीत नाही. जर्नलमधल्या प्रोग्रॅममध्ये 'झालं' असतं. फार तर 'झालं नाही' असतं. 'माहीत नाही' हा निकाल आम्ही चार वर्षांत एकदाही हाताळत नाही, आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर ज्यांच्या आयुष्यात तो रोज येतो त्यांच्यासाठी ॲप लिहितो. मग स्क्रीनवर येतं, 'समथिंग वेंट राँग, प्लीज ट्राय अगेन.' पुन्हा करा म्हणणं सोपं असतं. पुन्हा केल्याने पैसे दोनदा गेले, अर्ज दोनदा भरला गेला तर निस्तरायचं आजींनी.

यावर ठरलेली उत्तरं मला पाठ आहेत. "सुरुवातीला सोपंच शिकवावं." मान्य. पण सोपं आणि खोटं यांत फरक आहे. पोहायला शिकवताना उथळ पाण्यात उतरवतात, सतरंजीवर हातपाय मारायला लावून सर्टिफिकेट देत नाहीत. "आता सॉकेट कोण लिहितं, फ्रेमवर्क सगळं करतं." फ्रेमवर्क किती सेकंद थांबायचं ते ठरवायची जागा देतं. थांबून झाल्यावर काय करायचं हे तुमच्यावरच असतं. नेटवर्क भरवशाचं असतं, हे प्रोग्रॅमर मंडळींच्या फसव्या गृहीतकांमधलं पहिलं, असं सन मायक्रोसिस्टिम्सच्या पीटर डॉइच यांनी १९९०च्या दशकातच लिहून ठेवलं. फ्रेमवर्क बदलली, गृहीतक आहे तिथेच आहे. "लॅबमध्ये मशीन कमी, फायरवॉल लावलेली, दोन तासांत साठ मुलं." ही मात्र खरी अडचण आहे, आणि सरांवरचा ताणही खरा आहे.

पण मशीन तुमच्या हातात आहे, ज्यावर तुम्ही हे वाचताय. दोन अँड्रॉइड फोन घ्या, दोन्हींवर टर्मक्स टाका, त्यात पायथन. एकाचा हॉटस्पॉट सुरू करा, सर्व्हर त्यावर, क्लायंट दुसऱ्यावर. इंटरनेट पॅकही लागत नाही. सर्व्हर १२७.०.०.१वर बांधून ठेवलात तर दुसऱ्या फोनला तो सापडणारच नाही, हा पहिला धडा फुकट. मग लांबलचक मराठी निरोप पाठवा. मग संभाषण चालू असताना क्लायंटचा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सर्व्हरकडे बघत बसा. किती वेळ बसायचं ते तुम्हीच ठरवाल, तोच टाइमआउट. मग प्रत्येक निरोपाला एक क्रमांक द्या, म्हणजे तोच निरोप पुन्हा आला तर सर्व्हर ओळखेल आणि काम दोनदा करणार नाही. एवढं करायला एक संध्याकाळ पुरते.

आणि सरांना एकच विनंती. टीसीपी-यूडीपीच्या फरकाचं ते पाठ केलेलं वाक्य आता पुरे. ओरलला मुलगा समोर बसला की मधली वायर काढा आणि विचारा, "आता तुझा प्रोग्रॅम काय करतो?" ज्याला सांगता येईल त्याला आउटपुट नसलं तरी दहा द्या. माझे नऊ परत घेतलेत तरी चालतील.