अंगणातला गावगाडा

पक्षिनिरीक्षण ही हल्ली लहान मुलांच्या 'उपक्रमां'त जमा झालेली गोष्ट आहे. दुर्बीण, खिशात मावेल अशी सचित्र पुस्तिका, पहाटेची बस, एखादे पाणथळ आणि परतताना किती प्रजाती पाहिल्या त्याची यादी, असा तिचा साधारण थाट असतो. या थाटाला आमचा विरोध नाही. भिगवणला जाऊन रोहित पाहावेत, जरूर पाहावेत. मात्र चार-पाच वर्षांच्या मुलाला दूर पाण्यातला रोहित धड दिसत नाही (दुर्बिणीच्या दोन नळ्या त्याच्या दोन डोळ्यांना जुळतच नाहीत!), आणि जो पक्षी वर्षातून एकदा, सहलीच्या दिवशी भेटतो त्याचे दर्शन होते, ओळख होत नाही. ओळख व्हायची तर पक्षी रोजचा हवा आणि त्याला नाव हवे. या नावाविषयीच थोडे विस्ताराने लिहायचे आहे. भाषा शिकवणाऱ्यांचा हा व्यवसायदोष समजावा.

घराभोवतालच्या आणि गावकुसाजवळच्या काही पक्ष्यांची मराठी नावे एका ओळीत मांडून पाहावीत: तांबट, शिंपी, सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाडा'तले (१९१५) एखादे पान उघडले की काय, असे वाटावे. ज्या कोणी ही नावे दिली त्यांनी पक्ष्याच्या रंगापेक्षा त्याचे काम पाहिले. शिंपी पानाच्या कडांना चोचीने भोके पाडतो, कापसाच्या नि कोळिष्टकाच्या धाग्याने त्या कडा शिवतो आणि त्या द्रोणात घरटे करतो. धोबी पाण्याकाठी शेपूट सारखी वरखाली आपटत असतो. खाटीक पकडलेला टोळ बाभळीच्या काट्याला टांगून ठेवतो. कोतवाल आपल्या झाडाशी घार फिरकली तरी तिच्यावर तुटून पडतो, आणि त्याच्या भरवशावर इतर दुबळे पक्षी त्याच झाडावर संसार थाटतात. यांतली काही नावे इंग्रजीतही याच अर्थाची आहेत. तेव्हा हे केवळ मराठीचे वैभव म्हणून मिरवण्याचे कारण नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. ही नावे म्हणजे कोणीतरी पुष्कळ वेळ शांतपणे पाहत बसल्याचा पुरावा आहे, आणि मुलाला ते नाव आयते देऊन आपण त्याच्याकडून नेमके ते पाहणेच काढून घेतो.

म्हणून नाव शेवटी सांगावे, असे आमचे मत आहे. आमच्या घरातल्या दोन मुलांच्या बाबतीत आम्ही तांबटाचे नाव जवळजवळ एक उन्हाळा राखून ठेवले. फाल्गुन संपता संपता वडाच्या बाजूने एका लयीत टुक् टुक् ऐकू येऊ लागते आणि भर दुपारीही थांबत नाही. आवाज करणारा मात्र सापडत नाही, कारण तो हाक देताना मान इकडे-तिकडे वळवतो आणि आवाज दर वेळी नव्याच दिशेने आल्याचा भास होतो. मुलांनी त्याला 'टुकटुक्या' म्हटले, ते आम्ही चालू दिले. पुढे तो दिसला: चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळाला कुंकू लावल्यासारखा लाल, गळा पिवळा, आणि चोच मिटलेली असताना आवाज काढतो, हे तर मुलांनीच आधी पाहिले. मग नाव सांगितले. नाव ऐकून साहजिकच प्रश्न आला, तांबट म्हणजे काय? पुण्यात याचे उत्तर चालत जाऊन देता येते. कसब्यातल्या तांबट आळीत आम्ही मुलांना नेले. घणाचा ठोका कानी पडताच धाकटीने विचारले, "हे काका त्या पक्ष्यासारखा आवाज का करतात?"

आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला तांब्याचे घंगाळ ठोकणारा माणूस ठाऊक होता, म्हणून पक्षी त्याच्यासारखा वाटला. या मुलीला पक्षी आधी भेटला, म्हणून माणूस पक्ष्यासारखा वाटला. उपमेय आणि उपमान यांनी अशी जागा बदललेली आम्ही वर्गात कधी पाहिली नाही.

ऋतू फिरतो तशी नावेही फिरतात. ज्येष्ठात पावशा ओरडतो. शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येते, शहरातल्या मुलाला आणखी काही ऐकू आले तर तेही लिहून ठेवावे. शिशिर सरताना पळस-सावरीवर पळसमैनांची झुंबड उडते. पण सर्वांत बोलका तो पावसाळा, आणि त्यातही सुगरण. नाव स्त्रीलिंगी, बहिणाबाईंच्या कवितेतही घरटे बांधते ती आईच. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. सलीम अलींनी १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला पाहून ठेवले ते असे: नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पाहायला येते, पसंत पडले तर नांदू लागते, आणि मग उरलेले पुरे करून नर दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या संसारालाही, लागतो. मुलांना कविता शिकवावी की विज्ञान, असा पेच कोणी घालतात. आम्हाला तो पेच वाटत नाही. कवितेतली आई बहिणाबाईंची आहे, झाडावरचा बाप सुगरणीचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी पचतात.

अडचण आहे ती वेगळीच. २०२०पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. चितमपल्ली आणि सलीम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. उत्तरेकडून आलेले धोबी तोवर गच्चीवर हजर झालेले असतात, त्यामुळे आठवडा तसा बरा निवडला आहे. परंतु अंगणातल्या पक्ष्यांची खरी निकड असते ती चैत्र-वैशाखात, आणि नेमक्या त्याच वेळी पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी सोसायट्यांत कोयते-करवती निघतात. पहिला बळी वाळक्या फांदीचा. तांबट घर कोरतो ते बहुधा अशाच फांदीत, शेवग्याची मिळाली तर फारच उत्तम. फांदी खरोखर कोणाच्या डोक्यावर पडणारी असेल तर ती तोडावीच. पण कुंपणाच्या कोपऱ्यातली, कोणाच्या वाटेत नसलेली फांदी केवळ ती वाळकी दिसते म्हणून मे महिन्यात उतरवण्याचे कारण आम्हाला अद्याप कोणी सांगितलेले नाही. तोडण्यापूर्वी तिला रुपयाएवढे गोल भोक आहे का, एवढे खालून पाहिले तरी पुरे. सोसायटीच्या सभेत हा विषय मांडायला एक सभासद पुरतो. सोबत पाच वर्षांचे एखादे मूल असेल तर अधिक बरे.