फिरत्या चकतीची विश्रांती

कावेरीच्या शिवनसमुद्र येथील प्रपातापासून वीज उत्पन्न करून ती १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेणारे संस्थान म्हैसूरचे. त्या म्हैसुरात विजेची काटकसर करावी की नाही, याविषयी वाद उद्‌भवू नये. काटकसर कोठे करावी, हा मात्र निराळा प्रश्न आहे. शहरातील लष्कर मोहल्ल्याचे (पुणेकरांना हे नाव मुळीच परके वाटणार नाही) उदाहरण घेऊ. तेथील एखाद्या छायाचित्रकाराने किंवा लहानशा वाचनालयाने आपला अनेक वर्षांचा ठेवा संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठविला आहे, अशी कल्पना करावी. काम नसताना डिस्क उगाच कशाला फिरू द्यावयाची, असे मनात येऊन मालक ती पाच मिनिटांत थांबेल अशी योजना करतो व निश्चिंत होतो. ही काटकसर पुष्कळदा फसवी ठरते.

हार्ड डिस्क म्हणजे एका आसावर बसविलेल्या चुंबकीय चकत्या. १९५६ मध्ये आय. बी. एम. कंपनीने अशा साठवणीचे पहिले यंत्र विक्रीस काढले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १,२०० फेरे घेत असत. आज टेबलावरील संगणकातील चकती सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. दुसऱ्या गतीने तिची कड ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने धावते, आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगत राहते. हा थर चकतीच्या गतीनेच निर्माण होतो. म्हणून गती मंदावण्यापूर्वी शीर्षास बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवावे लागते. जुन्या रचनेत तर ते चकतीवरच टेकत असे. झीज होते ती प्रामुख्याने या चढण्या-उतरण्यात व पुन्हा गती घेण्यात. उत्पादक त्यासाठी मर्यादा सांगतात: जुन्या रचनेत बहुधा ५०,००० वेळा थांबणे व सुरू होणे, नव्या रचनेत ३,००,००० किंवा ६,००,००० वेळा शीर्ष ठेवणे.

आता हिशेब पाहावा. नुसती फिरणारी डिस्क सुमारे ५ वॅट वीज घेते. रोज २० तास ती थांबविली, तर वर्षाकाठी सुमारे ३६ युनिटे वाचतात. बचत लहान असली तरी खरी आहे. परंतु संगणकातील एखादा कार्यक्रम दर सहा मिनिटांनी एक ओळ नोंदवीत असेल, तर पाचव्या मिनिटास निजलेली डिस्क सहाव्यास दचकून जागी होईल. दिवसाला २४० वेळा! ५०,००० ची मर्यादा २०८ दिवसांत संपते, आणि विश्रांती मिळते ती प्रत्येक खेपेस जेमतेम एका मिनिटाची. त्यातलीही बरीच बचत पुन्हा गती घेताना खर्ची पडते, कारण त्या काही सेकंदांत डिस्क २० वॅटच्या आसपास वीज ओढते. टांगेवाला दुपारी घोडा सोडतो. प्रत्येक उतारूगणिक सोडत नाही.

कालावधी ठरविण्याचा आकडाही फसवा आहे. लिनक्समधील ‘एचडीपार्म’ या आज्ञेत १ ते २४० हे आकडे पाच-पाच सेकंदांचे असतात. म्हणजे १२० म्हणजे दहा मिनिटे व २४० म्हणजे वीस मिनिटे. पुढे मात्र २४१ म्हणजे तीस मिनिटे आणि २४२ म्हणजे एक तास. शून्य म्हणजे कधीच न थांबणे. वीजव्यवस्थापनाची पातळी वेगळ्या आकड्याने दिली जाते: १ ते १२७ पर्यंत थांबण्यास मुभा, १२८ ते २५४ पर्यंत नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर यातील काही डिस्कच्या स्मरणात राहील, असा भरवसा धरू नये. आज्ञा प्रत्येक आरंभी द्यावी.

सबब, ज्या डिस्कवर संगणकाची कार्यप्रणाली आहे तिला निजविण्याच्या भरीस कोणी पडू नये. केवळ प्रती ठेवण्याची डिस्क, जिच्याकडे दिवसातून एकदा वळावयाचे, तिने अर्ध्या-एक तासानंतर अवश्य विश्रांती घ्यावी. वाचनालयाने पाच मिनिटांचा हट्ट सोडावा. शंका असल्यास डिस्क स्वतःच ठेवीत असलेली नोंद वाचावी. तीत बहुधा चौथ्या क्रमांकावर सुरू होण्याची व १९३ व्या क्रमांकावर शीर्ष ठेवण्याची संख्या आढळते. आज सायंकाळी व उद्या सायंकाळी ती टिपून वजाबाकी करावी. उत्तर शेकड्यांत आले, तर कालावधी वाढविण्याआधी डिस्कला वारंवार कोण उठविते, याचा शोध घ्यावा. तारेने जोडलेल्या बाहेरच्या पेटीतील डिस्क असेल, तर काही पेट्या ही आज्ञा आत पोहोचूच देत नाहीत; तेथे काम संपताच ती रीतसर विलग करून कपाटात ठेवणे हाच सरळ उपाय होय.