पानशेतचा धडा : दैव कीं हयगय ?

वाचकहो, नुकसान झालें म्हणजे मनुष्य प्रथम कारण शोधीत नाहीं, समाधान शोधतो. "पाऊसच तसा झाला" हें वाक्य अशा वेळीं फार उपयोगी पडतें. कारण पावसावर फिर्याद होत नाहीं. परंतु समाधान निराळें व सत्य निराळें, हें आपल्या मुलखानें मोठी किंमत देऊन पाहिलें आहे.

ता. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं वेल्हें (आतां राजगड) तालुक्यांतील आंबी नदीवरचें पानशेत धरण फुटलें. त्या लोंढ्यानें जुनें खडकवासला धरणहि फुटलें व पुणें शहराचा नदीकांठ बुडाला. अतिवृष्टि झाली, दैव फिरलें, असें सांगणारे आजहि भेटतात. पाऊस मोठा होता, हें खोटें नाहीं. पण त्याच सह्याद्रीचा पाऊस १९२८ सालीं पुरें झालेलें भोरचें भाटघर धरण झेलीत आलें आहे. पानशेतचें काम मात्र अपुरें होतें. पाणी सोडण्याच्या दारांची व्यवस्था पुरी होण्यापूर्वींच पाणी अडविलें गेलें. अर्धवट दारांतून धक्के देत जाणाऱ्या पाण्यानें मोरीस हादरे बसले व तिच्यावरील मातीचा भराव खचला. लष्करी जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं, तरी इलाज चालला नाहीं. ही हकीकत ऐकावयास कठोर आहे, कारण तींत दोष आभाळाचा नसून माणसांच्या घाईचा आहे.

आपल्या खाचराची ताल फुटते तेव्हां हाच प्रश्न लहान रूपानें उभा राहतो. महसूल खात्यांतील नोकरींत मीं पुष्कळ पंचनामे लिहिले. त्यांत 'अतिवृष्टि' हें कारण येतें. तें खरें असतें व भरपाईस लागतेंहि. परंतु तो पंचनामा सरकारसाठीं. शेतकऱ्यानें स्वतःसाठीं दुसरा करावा. सांडवा पुरेसा रुंद होता काय? ढासळलेले दगड वैशाखांत बसविले होते काय? खेकड्यांचीं बिळें बुजविलीं होतीं काय? उत्तरें कित्येकदां आपल्याच घराकडे, भावाकडे किंवा वाटेकऱ्याकडे बोट दाखवितील व चार दिवस मनें दुखावतील. तरीहि तीं टाळूं नयेत. सगळा दोष पावसावर टाकला तर आपल्या हातीं करण्यासारखें कांहींच राहत नाहीं. कामांतली उणीव सांपडली तर ती पुढच्या मृगापूर्वीं दूर करतां येते.